शाळेच्या निरोपाच्या नाचाला किल्ट: स्कॉटलंडमधल्या मराठी घरांसाठी सविस्तर माहिती

स्कॉटलंडमधल्या शाळांत शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे एस-सिक्सच्या मुलांच्या परीक्षा जूनच्या सुरुवातीला आटोपतात आणि महिना उलटायच्या आत निरोपाचा समारंभ होतो. कुणी त्याला प्रॉम म्हणतं, कुणी लीव्हर्स बॉल. डिसेंबरात नाताळचा नाच असतो तो वेगळा. दोन्हीकडे सुटांच्या जोडीनं किल्ट, म्हणजे पुरुष कमरेला गुंडाळतात ती गुडघ्यापर्यंतची निऱ्यांची वस्त्रं, भरपूर दिसतात, आणि नेमकं इथंच मराठी घरात घोडं अडतं. आईला वाटतं, एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला, सूट आहे की. वडिलांना वाटतं, आपण कुठले स्कॉटिश, लोक काय म्हणतील. मुलाला मनातून किल्ट घालायचा असतो. पण त्याच्या मित्रांच्या घरी आजोबांचा किल्ट कपाटात असतो, नेसवायला काका असतो. आपल्याकडे विचारायचं कुणाला?

त्या मुलासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: घालू द्या. आणि जो काही वेळ, पैसा आणि डोकं खर्च करायचं ते टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या नक्षीच्या, रंगांवर कमी आणि मापावर जास्त करा. किल्ट बेंबीवर बसला आणि गुडघ्यावर सुटला की साधा कापडाचा किल्टही देखणा दिसतो. पँटसारखा खाली कमरेवर बांधला, तर सगळ्यात महागडा किल्टसुद्धा ढगळ दिसतो आणि मुलगा रात्रभर तो वर ओढत बसतो.

आपण घालावा का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात निघतो, म्हणून आधी तो संपवू. किल्ट घालायला स्कॉटिश रक्त लागतं असा नियम नाही, कायदाही नाही. शेजारी, शिक्षक, दुकानदार यांना आपल्या मुलानं किल्ट घातलेला पाहून आनंदच होतो, हा इथं राहणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. अट एकच, ती म्हणजे गंमतीचं सोंग म्हणून घालू नये. नीट घालावा.

नीट का, हे मुलाला थोडक्यात सांगून ठेवा. एप्रिल १७४६मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूची, फौज हरली आणि त्याच वर्षी लंडनच्या संसदेनं कायदा करून हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती सरकारी फौजेतल्या सैनिकांना. ही बंदी उठली १७८२मध्ये. पुढे १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला, त्या समारंभाची आखणी लेखक वॉल्टर स्कॉटनं केली आणि खुद्द राजाच किल्ट घालून उभा राहिला. त्यानंतर हा पोशाख सगळ्या देशाचा झाला. ज्या कपड्यासाठी माणसं तुरुंगात गेली तो घालताना मुलाची पाठ आपोआप ताठ होते, असं मला वाटतं.

आधी शाळेचं पत्र वाचा

पत्रात तीन गोष्टी शोधायच्या. पोशाख 'ब्लॅक टाय' लिहिला आहे की नुसता 'फॉर्मल'? या पोशाखात मोज्यात खोचतात त्या लहान सुऱ्याबद्दल काही लिहिलं आहे का? आणि नाच कुठले आहेत, डीजे आहे की केयलीचा बँड? केयली असेल, म्हणजे पारंपरिक सामूहिक नाच असतील, तर कपड्याचं वजन आणि बुटांची पकड यांचा विचार वेगळा करावा लागतो.

भाड्यानं की विकत

सतराव्या-अठराव्या वर्षी मुलगा वाढतोय, म्हणून भाड्यानं घ्या. जॅकेट, वेस्टकोट, शर्ट, किल्ट, स्पोरन (पुढं लटकवायची पिशवी), मोजे, फ्लॅश (मोज्यांवरच्या रंगीत फिती), बूट, पिन असा पूर्ण संच साधारण ७० ते १२० पौंडांत मिळतो. शाळेतली दहा-बारा मुलं मिळून एकाच दुकानात गेली तर बरीच दुकानं सवलत देतात. मुलाला मित्रांकडे चौकशी करायला सांगा.

जूनमध्ये इथं लग्नांचीही गर्दी असते आणि दुकानात माल तोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाव नोंदवलं तर हव्या त्या टार्टनमध्ये हवं ते माप मिळतं. मेमध्ये गेलात तर उरलेलं मिळतं. नाव नोंदवताना मापं देऊन ठेवा, पण समारंभाच्या तीन-चार आठवडे आधी पुन्हा मोजून दुकानाला कळवा. या वयात चार महिन्यांत उंची बदललेली असते.

विकत घ्यायचाच असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते, तिथं कापडाची विणलेली किनारच असते. म्हणून तो लांब करता येत नाही. बकलं सरकवून कंबर थोडीफार सैल-घट्ट करता येते, लांबी मात्र कायमची. इथल्या कितीतरी घरांत मुलाला अठराव्या किंवा एकविसाव्या वाढदिवसाला चांगला किल्ट भेट देतात, त्यामागचं शहाणपण हेच: तोवर उंची स्थिरावलेली असते. मधला मार्गही आहे. भाड्यानं देणारी दुकानं जुने संच अधूनमधून विक्रीला काढतात, आणि चॅरिटीच्या दुकानांतही चांगले लोकरी किल्ट सापडतात. फक्त लांबी जुळली तरच घ्या.

टार्टन कुठलं?

घराण्याचं टार्टन आपल्याला नाही, म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. आपल्यासाठी खुली असलेली टार्टन पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही फार सुंदर आहेत.

माझी पहिली पसंती गावाच्या टार्टनला. एडिनबर्ग, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, डंडी या शहरांची स्वतःची टार्टन आहेत आणि तिथं राहणाऱ्यानं ती घालणं अगदी सरळ आहे. मुलगा जिथं वाढला, ज्या बसनं शाळेत गेला, त्या गावाचा रंग अंगावर घालायला त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. काही शाळांचंही स्वतःचं टार्टन असतं, कार्यालयात विचारून पाहा.

दुसरा पर्याय सर्वांसाठी असलेल्या टार्टनचा. ब्लॅक वॉच हे गडद हिरवं-निळं-काळं टार्टन सावळ्या रंगाला फार खुलतं आणि काळ्या जॅकेटशी भांडत नाही. कॅलेडोनिया, हंटिंग स्टुअर्ट, आइल ऑफ स्काय हीही दुकानात सहज मिळतात. लालभडक रॉयल स्टुअर्ट खरं तर राजाचं टार्टन, पण वर्षानुवर्षं सगळेच घालत आले आहेत. बॅल्मोरल मात्र राजघराण्यासाठी राखीव आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुठल्याही टार्टनची माहिती हवी असेल तर एडिनबर्गमधल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे टार्टनची सरकारी नोंदवही आहे. २००८च्या कायद्यानं ती स्थापन झाली आणि २००९पासून सुरू आहे. नाव किंवा गाव टाकून तिच्यात फुकट शोधता येतं. एखाद्या टार्टनच्या वापरावर निर्बंध असेल तर तशी नोंदही तिथं दिसते.

आणि मॅकेन्झी टार्टन आवडलंच, तर मुलाला एक गोष्ट सांगा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूनं ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँड पलटणी उभ्या होत्या. त्यांपैकी ७८वी ही मॅकेन्झींची पलटण. त्या टार्टनशी आपलं नातं काय आहे ते कळून मग घालायचं की नाही हे त्यानं ठरवावं. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत.

मापं: इथं घाई करू नका

शिंप्याची मऊ टेप घ्या. मुलाला पातळ बनियन आणि शॉर्ट्सवर उभं करा. मापं दुसऱ्यानं घ्यायची, स्वतःची स्वतः घेतली की वाकल्यामुळे चुकतात.

कंबर. जीन्सचा आकडा विसरा. जीन्स नितंबाच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या पातळीवर. टेप बेंबीवरून, अंगाला लागेल पण रुतणार नाही अशी फिरवा आणि मुलाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. हा आकडा जीन्सच्या मापापेक्षा निराळा निघतो. दुकानात 'माझं माप ३०' असं जीन्सवरून सांगितलं की तिथून पुढं सगळं बिघडतं.

बैठक. नितंबाचा सर्वांत भरलेला भाग असतो तिथून टेप गोल फिरवायची, टेप जमिनीला समांतर राहील याकडे लक्ष ठेवून. निऱ्या इथवर शिवून घट्ट बसवलेल्या असतात आणि इथून खाली मोकळ्या सुटतात. हे माप कमी पडलं तर निऱ्या फाकतात.

लांबी. बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध. पडताळा असा: मुलाला ताठ गुडघ्यांवर बसवा. किल्टची कड जमिनीला लागता लागता राहिली, साधारण एक इंच वर, की माप बरोबर. उभा राहिल्यावर कड वाटीच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत कुठंही चालेल. वाटीच्या खाली गेली तर पाय तोकडे दिसतात आणि पोशाखाची सगळी ऐट जाते.

शरीरयष्टीबद्दल थोडं. आपल्याकडची बरीच मुलं या वयात काटकुळी असतात, आणि दुकानातल्या किल्टची कंबर शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल राहते. दुकानदार 'चालेल' म्हणाला तरी मान्य करू नका. सैल किल्ट नाचताना हळूहळू खाली उतरतो आणि गोल फिरतो, मग समोरचा पदर, म्हणजे किल्टचा पुढचा बिननिऱ्यांचा भाग, कुशीत जातो. एक माप लहान मागा, किंवा बकल सरकवून द्यायला सांगा. उलट मुलगा अंगानं भरलेला असेल तर पट्टा मधल्या भोकात बसेल असा घ्या, कारण जेवणानंतर एक भोक सैल करावं लागतं.

शिवाय छाती, बाही, शर्टाची कॉलर, उंची आणि बुटाचा नंबर एवढी मापं दुकान मागतंच. बूट जाड लोकरी मोज्यांवर घालून पाहायचा.

कापड

पूर्ण लोकरी किल्टला रुंदीनं एकेरी कापड ८ यार्ड, म्हणजे ७ मीटरहून थोडं जास्त लागतं. १६ औंसाचं (औंस हे कापडाच्या वजनाचं माप) कापड जड असतं. त्याचा किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो, पण निऱ्या लोंबतात त्या अशा की वाऱ्यानं सहजी हलत नाहीत आणि गिरकीत एकसारख्या फुलून पुन्हा जागेवर येतात. १३ औंसाचं मध्यम. त्याहून हलकं किंवा अ‍ॅक्रिलिकचं कापड स्वस्त पडतं, फोटोत छान दिसतं, नाचात आणि वाऱ्यात मात्र उडतं. निवड असेल तर १३ किंवा १६ औंसाची लोकर मागा. हॉलमध्ये उकडेल ही भीती बाळगू नका, उकडतं ते जॅकेटमुळे.

जॅकेट आणि बाकीचं सामान

'ब्लॅक टाय' लिहिलं असेल तर प्रिन्स चार्ली: आखूड काळं जॅकेट, चांदीच्या रंगाची बटणं, तीन बटणांचा वेस्टकोट, पांढरा शर्ट आणि काळा बो टाय. नुसतं 'फॉर्मल' असेल तर अर्गाइल जॅकेट, पाच बटणांचा वेस्टकोट आणि साधा टाय. अर्गाइल मला शाळकरी मुलांसाठी जास्त आवडतं. प्रिन्स चार्ली मुद्दाम उघडं ठेवूनच घालायचं असतं आणि बारीक मुलाच्या अंगावर ते कधी कधी वेटरच्या जॅकेटसारखं दिसतं. राखाडी ट्वीडचं जॅकेटही बरीच मुलं घेतात.

आपलं काही मिसळायचं असेल तर एकच, लहानसं. घरात पैठणीचा किंवा नारायणपेठीचा उरलेला काठ असेल तर शिंप्याकडून त्याचा बो टाय किंवा जॅकेटच्या खिशातला रुमाल शिवून घ्या. रंग टार्टनमधल्या एखाद्या रंगाशी जुळवा, म्हणजे ब्लॅक वॉचवर बाटलीहिरवा, रॉयल स्टुअर्टवर मोतिया. काठाची जर मागून टोचते, त्यामुळे आतून सुती अस्तर लावायला सांगा. किल्टवर फेटा किंवा भरजरी शेला मात्र घालू नये असं मला वाटतं. दोन्ही पोशाख आपापल्या जागी पूर्ण आहेत, एकत्र आले की दोघांचीही अडचण होते.

स्पोरन ही पुढं लटकवायची पिशवी. किल्टला खिसा नसतो, त्यामुळे फोन, चावी, तिकीट सगळं यातच. समारंभी स्पोरनवर पुष्कळदा सशाची किंवा गुरांची लोम असते, काही जुन्यांवर सीलची कातडी. कुणाच्या घरी हे चालत नसेल तर दुकानात तसं स्पष्ट सांगा. कृत्रिम लोमाची किंवा कापडी स्पोरन मिळते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे लग्नाला वगैरे जाताना सीलच्या कातडीची स्पोरन बरोबर नेऊ नका, तिथं ती आणायला बंदी आहे.

नेसण्याचा क्रम

समारंभाच्या आदल्या दिवशी एकदा पूर्ण तालीम करा. सुमारे ४० मिनिटं हाताशी ठेवा, दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ लागेल.

सुरुवात चड्डीपासून. किल्टखाली काही घालत नाहीत या गोष्टी जगभर सांगितल्या जातात, शाळेच्या नाचाला त्यांचा काही उपयोग नाही. गडद रंगाची, मांडीला घट्ट बसणारी शॉर्ट चड्डी घालायची, यात चर्चा नको. भाड्याच्या किल्टसाठी तर ती स्वच्छतेचीही बाब आहे.

मग शर्ट, आणि त्यानंतर लगेच मोजे आणि बूट. किल्ट नेसल्यावर खाली वाकून नाड्या बांधणं अवघड जातं, आणि निऱ्याही चुरगळतात. मोजे गुडघ्यापर्यंत ओढून वरचा भाग दुमडायचा. दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं राहिली पाहिजे. फ्लॅश म्हणजे रंगीत फितीची दोन टोकं असलेला इलॅस्टिकचा पट्टा. तो दुमडीच्या आत घालून फितीची टोकं पायाच्या बाहेरच्या अंगाला, दुमडीखाली इंचभर डोकावतील अशी ठेवायची. इलॅस्टिक पोटरीवर फार घट्ट असेल तर तासाभरात पायाला मुंग्या येतात, आधी घालून पाहा.

बुटांना जीभ नसते, नाड्या मात्र हातभर लांब. नेहमीसारख्या ओवून झाल्या की दोन्ही टोकं पायाच्या घोट्यासमोर धरून एकमेकांभोवती तीन पीळ द्यायचे. त्याचा इंचभर दोर तयार होतो आणि तोच बूट घट्ट धरून ठेवतो. मग टोकं घोट्यामागं नेऊन फिरवून पुढं आणायची आणि समोर किंवा किंचित बाहेरच्या बाजूला साधी फुलगाठ मारायची. पोटरीवर वरपर्यंत गुंडाळत नेऊ नका. नाचताना ती गुंडाळी हमखास घसरते आणि पायात येते. फुलगाठीवर पुन्हा एक गाठ मारून ठेवा.

आता किल्ट. निऱ्यांचा भाग मागं घेऊन दोन्ही टोकं दोन हातांत धरा. उजव्या हातातला आतला पदर पोटावरून डावीकडे न्या, त्याचा पट्टा डाव्या कमरेवरच्या फटीतून बाहेर काढा आणि बकलात अडकवा. मग डाव्या हातातला बाहेरचा पदर उजवीकडे आणून उजव्या कुशीवरच्या दोन बकलांत लावा. वरचा पट्टा नीट घट्ट, खालचा फक्त पदर सपाट बसेल एवढाच. खालचाही आवळला तर पदर ओढला जातो आणि पुढची कड वाकडी होते. आता आरशात पाहा: टार्टनची मधली रेघ शर्टाच्या बटणांच्या रेषेत आली पाहिजे. मागची बाजू दुसऱ्यानं पाहायची. निऱ्या मणक्याच्या दोन्ही अंगांना सारख्या आणि सरळ खाली.

पिन सगळ्यात जास्त चुकते. ती उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, कडेपासून तीन-चार बोटं वर, आणि फक्त बाहेरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांना मिळून लावली तर चालताना कापड ओढलं जातं आणि भाड्याच्या किल्टला भोक पडून अनामत रक्कम जाते.

स्पोरनचा पट्टा किल्टच्या मागच्या बंदांतून ओवून साखळी पुढं आणा. वेस्टकोटच्या खालच्या कडेपासून तीन-चार बोटं खाली स्पोरनचा वरचा भाग आला पाहिजे. वेस्टकोट असेल तर वर रुंद पट्टा लावायचा नसतो, दुकानानं दिला असला तरी घरी ठेवा. शेवटी वेस्टकोट आणि जॅकेट. वेस्टकोट आणि किल्ट यांच्यामध्ये शर्ट दिसता कामा नये. दिसत असेल तर किल्ट खाली बांधला गेला आहे, सोडा आणि वर घेऊन पुन्हा बांधा.

मोज्यातला सुरा

उजव्या मोज्यात खोचायच्या लहान सुऱ्याला स्किअन डू म्हणतात. स्कॉटलंडच्या १९९५च्या फौजदारी कायद्यात सार्वजनिक जागी किंवा शाळेच्या आवारात पात्याचं हत्यार बाळगणं गुन्हा आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलं असेल तर तो बचाव त्याच कायद्यात दिलेला आहे. पण बचाव असतो तो प्रकरण उभं राहिल्यावर मांडायचा, आणि रात्री एकच्या बसमध्ये सतरा वर्षांच्या मुलावर ती वेळ येऊ नये. बऱ्याच शाळा खरा सुरा चालणार नाही असं सांगतातही. दुकानात नुसती मूठ असलेली, बिनपात्याची स्किअन डू मिळते. मोज्यातून मूठच दिसत असल्यानं बाहेरून फरक कळत नाही. तीच घ्या. आणि तीही मित्रांना दाखवायला सारखी बाहेर काढायची नाही, हे मुलाला बजावा.

बसणं, जिना, गाडी

परकर घालणाऱ्या मुलीला बसताना मागून हात फिरवायची सवय आपोआप लागते, तीच सवय मुलाला दोन दिवसांत लावायची आहे. बसण्याआधी तळहात पाठीकडून खाली फिरवून निऱ्या मांडीखाली सपाट घ्यायच्या. गुडघे एकमेकांजवळ, स्पोरन मधोमध. घरात खुर्चीवर, सोफ्यावर आणि जमिनीवर उठबस करायला लावा. गाडीत आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उघड्या काचेच्या जिन्यावर खालून कोणी येत असेल तर भिंतीच्या बाजूनं चढायचं. अ‍ॅबर्डीनच्या किनाऱ्यावर किंवा एडिनबर्गच्या पुलांवर फोटो काढायचे असतील तर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. समोरच्या पदरावर स्पोरनचं वजन असतं, मागं निऱ्यांचं वजन तेवढं पुरत नाही.

नाच

इथल्या मुलांना शाळेत व्यायामाच्या तासाला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे नाच शिकवतात, त्यामुळे ज्यानं पहिलीपासून इथं शिक्षण घेतलं त्याला सांगावं लागत नाही. पण नववी-दहावीत पुण्याहून किंवा दुबईहून आलेल्या मुलाला ते ठाऊक नसतात आणि तो भिंतीला टेकून उभा राहतो. त्यानं तीन नाच शिकून घ्यावेत, बाकीचे पाहून जमतात.

गे गॉर्डन्स जोडीनं: चार पावलं पुढं, वळून चार मागं, पुन्हा तसंच उलट, मग मुलीची गिरकी आणि शेवटी दोघांचा पोल्का. डॅशिंग व्हाइट सार्जंट तिघा-तिघांचा असतो. समोरासमोरचे सहाजण आधी वर्तुळात फिरतात आणि शेवटी एक तिघांची ओळ दुसऱ्या ओळीच्या हातांखालून पुढं निघून नव्या तिघांना भेटते. जोडीदार नसलेल्या मुलासाठी हा उत्तम, कारण यात कुणी एकटं पडत नाही. तिसरा स्ट्रिप द विलो, सगळ्यात वेगवान. दोन लांब रांगा आणि मधून जोडी हात बदलत फिरत खाली जाते. इथं हात धरायची पद्धत महत्त्वाची. नुसते पंजे धरले तर वेगात सुटतात आणि समोरचा जाऊन पडतो. एकमेकांचा कोपराच्या खालचा भाग घट्ट धरायचा, किंवा कोपरात कोपर अडकवायचा. समोरची मुलगी अंगानं लहान असेल तर वेग आपण कमी करायचा.

नाचायच्या आधी स्पोरन साखळीसकट फिरवून कुशीवर घ्यावी. पुढं राहिली तर उड्या मारताना ती वर-खाली आपटते, आणि जोडीदारालाही लागते. जेवण झाल्यावर जॅकेट काढून वेस्टकोटवर नाचलं तर चालतं, सगळेच तसं करतात. दर दोन नाचांनंतर पाणी प्यायचं आणि एकदा पट्टे तपासायचे.

मुलींसाठी

मुली बहुतेक गाऊन घालतात. ज्यांना साडी किंवा घागरा घालायचा असेल त्यांनी जरूर घालावा. फक्त स्ट्रिप द विलो पदर सुटा ठेवून जमत नाही, पदर खांद्यावर आणि कमरेला पक्का पिन करावा. टार्टनची लांब पट्टी खांद्यावरून घेऊन पिन लावायची पद्धतही आहे, आणि एकरंगी रेशमी साडीवर ती छान दिसते. मुलीला पूर्ण किल्ट घालायचा असेल तर तेही करतात, दुकानात तिच्या मापाचा मागा.

स्कॉटलंडबाहेर

इंग्लंड किंवा अमेरिकेत शाळेच्या नाचाला किल्ट घालायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. २००५मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एका विद्यार्थ्याला शाळेच्या नाचाला किल्ट घालून आला म्हणून कपडे बदलायला लावलं गेलं आणि त्यावर देशभर वाद झाला. मुख्याध्यापकांना छोटं पत्र पाठवा: कुठला पोशाख, सुरा असणार नाही, आणि बरोबर पूर्ण संचाचा एक फोटो. 'होय' असं उत्तर आलं की ते मुलाच्या फोनमध्ये असू द्या. दारावर उभ्या असलेल्या शिक्षकाला पत्राची कल्पना असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी

घरी आल्यावर किल्ट खुर्चीवर फेकू नका. कमरपट्टीला चिमटे लावून तो उलटा न करता हँगरवर टांगा, घाम वाळू द्या. काही सांडलं असेल तर थंड पाण्यात ओला केलेला फडका नुसता टेकवत टेकवत पुसा, घासू नका. भाड्याचा असेल तर तो धुऊन देण्याचा उत्साह दाखवू नये, धुलाई दुकानाची असते. परत देताना पिशवीतल्या बारीक वस्तू यादीशी ताडून पाहा: दोन फ्लॅश, पिन, कफलिंक, स्पोरनची साखळी, बो टाय. हरवतात त्या याच, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे लागतात.

स्वतःचा असेल तर मशीनमध्ये कधीच टाकू नका, कोरड्या धुलाईलाही क्वचितच द्या. मऊ ब्रशनं निऱ्यांच्या दिशेनं वरून खाली झटकला की पुरतो. बरेच महिने ठेवायचा असेल तर निऱ्यांवर आडवे मोठे कच्चे टाके घाला म्हणजे त्या हलत नाहीत, आणि सुती पिशवीत ठेवा. लोकरीला कसर लागते, तेव्हा पिशवीत देवदाराच्या लाकडाचे तुकडे घाला, किंवा भारतातून आणलेला वाळवलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. पुरचुंडी दर सहा महिन्यांनी बदला आणि तेव्हाच किल्ट एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा.